आत्याबाई आधी आत गेल्या

माझं सासर पोशीरचं. घरची भातशेती. तिथल्या पुरुषांना अभिमान दोनच गोष्टींचा, बैलजोडीचा आणि स्वतःच्या पोटाचा. "आमच्यात दगड पचतो," असं आमचे हे ताटावर बसले की सांगायचे. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघंही ऐन चाळिशीत पोटाच्याच दुखण्याने गेले होते. पण तो विषय निघाला की कुणीतरी करणी केली, असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे.

आणीबाणी उठल्यानंतर मोठे भावजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आजारी पडले. शौचावाटे रक्त जात होतं. त्यांनी ते मूळव्याध समजून कितीतरी महिने लपवलं. मुंबईच्या इस्पितळात नेलं तोवर आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. ते वाचले नाहीत.

भावजी जाण्याआधी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही करणी नाही. हा आजार आईबापांकडून मुलांकडे येतो. सगळ्यांनाच येतो असं नाही. आधी आतड्यात बारीक कोंब फुटतात, पुढे त्यांचा कर्करोग होतो. वेळेवर सापडले तर माणूस वाचतो. सगळ्यांना घेऊन या."

"तपासतात कसं?" मी विचारलं. मागून नळी घालून, असं कळल्यावर मी ओळखलं की आमची माणसं कर्करोगाला भिणार नाहीत, नळीला भितील.

तसंच झालं. "मला काय झालंय? आन् तिकडून तपासायचं? आमची काय अब्रू हाय का नाय?" हे म्हणाले. रोज सकाळी हातात टमरेल घेऊन अख्ख्या गावाची ख्यालीखुशाली विचारत जाणारा हा माणूस! मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. इस्पितळाचं नाव काढलं की यांना शेताचा बांध आठवायचा.

शेवटी एसटीने लोधिवली गाठली. तिथे यांच्या आत्याबाई दिलेल्या. वय साठीपुढचं, जीभ तरणी. सगळं ऐकून त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाल्या, "बाप गेला, दोन भाऊ गेले, आता भाचा. सगळ्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं. चल."

पोशीरला येऊन ओट्यावर बसल्या आणि चार माणसांदेखत यांना म्हणाल्या, "मी तपासून घेणार हाय. तू रं? बैल आजारी पडला की शेपटी वर करून बघतोस. तवा बैल कधी अब्रूचं बोलला का?"

माणसं हसली. हे उठून आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले.

इस्पितळात आत्याबाई पहिल्या आत गेल्या. दाराबाहेर आवाज ऐकू येत होता, "हळू गं बाई, तिथं काय सोनं पुरलेलं नाय." लुगडं सारखं करत बाहेर आल्या आणि यांना म्हणाल्या, "जा रं. नेरळच्या डॉक्टरची सुई यापरीस वाईट."

त्यांच्या आतड्यात काही नव्हतं. या वयापर्यंत नाही म्हणजे मुलांनाही बहुतेक धोका नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "माझ्या पोरांना इतक्यात सांगू नको गं. भ्यालेत तवर कामं बरी करतात."

यांच्या आतड्यात मात्र कोंब होते. खूप होते. यांचा चेहरा उतरला. "दादासारखं?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांचं उशिरा कळलं. तुमचे अजून कोंबच आहेत. मोठं आतडं काढलं की बराच धोका टळेल. राहील तो भाग मात्र नेमाने तपासावा लागेल."

"भात खाता येईल?"

"येईल."

"मग काढा," हे म्हणाले. माझ्या हातावरची त्यांची पकड मात्र सुटेना.

ऑपरेशन झालं. आत्याबाई खाटेपाशी बसून शेजारच्या रोग्यांनाही दटावत होत्या. घरी आल्यावर सुरुवातीला यांना दिवसातून कितीदा तरी पळावं लागे. खालापूरच्या कचेरीत काम निघालं, तर हे आधी संडास कुठे ते विचारायचे, मग साहेब कुठे ते. पण अंगावर मांस चढलं, आणि वर्षभरात हे चुलतभावांच्या घरोघरी जाऊन सांगू लागले, "नळीला काय भ्यायचं रं? मी तर ऐकल्याबरोबर गेलो." मी खाली मान घालून चहा गाळत असे. त्यांच्या थापेमुळे दोघं तिघं खरंच तपासून आले, म्हणून मी ती कधी खोडली नाही.

आमची थोरली मुलगी वयात आली तेव्हा तिला नेलं. तिच्यातही कोंब निघाले. हे तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, खूप दुखतं का?"

"दुखतं. मग थांबतं. माझ्याकडं बघ ना, समोर बसलोय का नाय?"

तिचंही ऑपरेशन नीट झालं. पुढच्या लावणीला ती चिखलात आम्हा सगळ्यांच्या पुढे होती आणि मागे पडलेल्या बापाला हाका मारत होती, "बाबा, उरका की!"