काशीरामच्या शेतातलं तेल

पेट्रोलचे दर वाढले की आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत माझाही भाव वाढतो. तेल शोधणाऱ्या सर्व्हे पार्टीत ड्रिलिंगवर माझी सगळी नोकरी झाली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी बाकावर टेकलो की प्रश्न ठरलेला: "काका, आपल्या जमिनीखाली तेल आहे ना? मग काढत का नाहीत?" एका गटाचं म्हणणं, सरकारने धडाधड विहिरी खोदाव्यात, बाहेरच्यांचे पाय किती दिवस धरायचे? दुसरा गट म्हणतो, घरचं तेल निघालं तरी भाव जगाच्या बाजारातच ठरणार. मी दोघांनाही अर्धं बरोबर म्हणतो आणि दोघांच्याही शिव्या खातो.

मे महिन्यात असंच कोणीतरी विचारलं, नाशिक जिल्ह्यात कधी शोधलं होतं का? शोधलं होतं. चौदा वर्षांपूर्वी पेठ तालुक्यात, आणि ड्रिलवर मीच होतो. सांगता सांगता तिथलं एक शेत डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातला चहा कडू झाला. घरी येऊन बायकोला म्हटलं, उद्या पेठला जातो. "या उन्हात? काय विसरलंय तिथं?" ती म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा. नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून सकाळी एसटी मिळते, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, घाट धरून दोन तास पकडा. मला ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट. उजव्या खिडकीला बसाल तर भाजून निघाल, हे मी अनुभवाने सांगतो.

पेठहून पुढे पाड्यापर्यंत जीप. ती भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळे हातात वेळ ठेवा. भरली, निघाली, आणि पहिल्याच उताराला ड्रायव्हरने इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली. मी ओरडलोच, "अहो, ब्रेक लागणार नाहीत नीट!"

"डिझेलचा भाव पाह्यला का साहेब?" तो म्हणाला. "उतार फुकट हाय."

मागच्या सीटवरून एक गुरुजी म्हणाले, आपल्या समुद्रात खोदा, महिन्यात भाव खाली येईल. खताची गोणी मांडीवर घेतलेला माणूस म्हणाला, "आला तरी आपल्या पाड्यावर कवा पोचायचा?" सगळे हसले. मी मात्र दांडी घट्ट धरून रस्त्याकडे बघत होतो.

पाड्यावर उतरलो तर काशीरामने लांबूनच ओळखलं. सर्व्हेच्या वेळी आमचा तंबू याच्याच शेतात होता. "आले! तेलवाले साहेब आले!" म्हणत त्याने खाट टाकली. "मी म्हनत व्हतो ना, दर एवढे वाढले म्हंजे आता येतीलच काढाया!" पेट्रोल महागलं म्हणून खूश झालेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली घेऊन आला. तळाशी दोन बोटं पिवळसर काहीतरी. सर्व्हेत आम्ही ड्रिलने पाडून बुजवलेल्या भोकाशेजारच्या डबक्यावरून त्याने ते तेव्हा अलगद काढून घेतलं होतं. "सरकारनं दाबून ठिवलंय. आमाला समजलं व्हतं." मध्ये त्याला सरकारी योजनेतून पाण्याची विहीर मंजूर झाली होती, खोदायची जागा नेमकी त्या भोकाचीच निघाली होती. त्याने नकार दिला. तेलात विहीर कोण खोदतं?

मी बूच काढून वास घेतला. आमच्याच मशीनचं गळलेलं डिझेल होतं ते.

आमचं काम असं: ठरावीक अंतरावर साठ-पासष्ट फुटांची भोकं पाडायची, आत सुरुंगाचा छोटा बार उडवायचा, जमिनीची थरथर मोजायची आणि भोक बुजवून पुढे जायचं. काशीरामच्या शेतातलं भोक तासाभरात पाण्याने भरलं होतं. आमचे पार्टी चीफ म्हणाले, बोलू नका, नाहीतर गाव भोक उघडं ठेवायला अडून बसेल आणि आपलं काम थांबेल. मी गप्प बसलो आणि स्वतःच्या हाताने ते बुजवलं. आता हे सगळं, बाटलीतल्या डिझेलसकट, काशीरामला सांगितलं.

तो हसला. त्याला थट्टा वाटली. पण त्याची बायको यमुनाबाई तेवढ्यात झऱ्यावरून आली होती, डोक्यावर दोन हंडे. तिने ते उतरवले.

"किती खोल व्हतं?"

"साठ फुटांच्या आत. आज असेलच असं नाही म्हणत मी. पण तेव्हा होतं."

"मी रोज त्याच शेतातून झऱ्यावर जाते साहेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेतात जाऊन ऐनाच्या झाडापासून पावलं मोजत मी जागा दाखवली. परत आल्यावर यमुनाबाईने ती बाटली घेतली, लाकडांवर रिकामी केली आणि चूल पेटवली. सिलिंडर महाग झाल्यापासून शेगडी कोपऱ्यात धूळ खात होती. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. पेठला गेलात तर चुकवू नका.

घरी येऊन दोन आठवडे झाले. बाकावरचा वाद चालूच आहे. मी हल्ली ऐकतो जास्त. काल यमुनाबाईचा फोन आला. पाड्यातली आठ-दहा माणसं मिळून खोदतायत, पंधरा फूट झालं, अजून कोरडंच आहे. काशीराम काठावर बसून प्रत्येक पाटीतली माती हुंगून बघतो म्हणे.

मग तिने विचारलं, "साहेब, पानीच व्हतं ना?"

"पाणीच होतं," मी म्हटलं. चौदा वर्षांपूर्वी एवढे दोनच शब्द बोलायचे होते.