जपानात जाऊन नको म्हणणारी बाई

माझी नात आणि तिचा मित्र पुढच्या महिन्यात पाठीवर रकसॅक टाकून जपानला निघालेत. परवा बेसिंगस्टोकहून तिचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, तू पण बॅकपॅकिंग केलं होतंस ना जपानमध्ये, आजोबांबरोबर? टिप्स दे ना!"

मी म्हटलं, "एकच टीप आहे. कोणी काही दिलं, की घे."

"बस? दॅट्स इट?"

"बाकी सगळं तुझ्या फोनला माहीत आहे."

ती हसली. म्हातारी आता हावरट झाली, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. ही टीप मला केवढ्याला पडली, ते सांगायचं तर तेव्हाची मी तुम्हाला दाखवायला हवी. साठीला टेकलेली, लंडनच्या कौन्सिलच्या नोकरीतून नुकतीच सुटलेली आणि आपल्याला रीतभात कळते याबद्दल मनात जराही शंका नसलेली बाई. ती आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण तिच्याबरोबर प्रवासाला जाणार नाही.

जपान हे आमच्या ह्यांचं खूळ. लंडनमध्ये ईलिंग ते क्रॉयडन आणि क्रॉयडन ते ईलिंग असं आयुष्य ट्रेनमध्ये घालवलेला माणूस रिटायर झाल्यावर एके दिवशी म्हणाला, "आपण बुद्धाच्या देशातली माणसं. तो तिकडे इतक्या लांब पोचला कसा, ते एकदा बघून येऊ. आणि टूरच्या कोचमध्ये बसून नाही हं. पायी."

"अहो, तुमचे गुडघे?"

"गुडघे पण बघतील जपान."

मग आम्ही रकसॅक घ्यायला गेलो. दुकानातल्या मुलाने त्यात वजनं भरली, पट्टे आवळले आणि म्हणाला, जरा चालून बघा. मी मोज्यांच्या रॅकपर्यंत गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले ती पाच मिनिटं उठलेच नाही. तरी रकसॅक घेतली, कारण तिचा रंग माझ्या विहारात नेसायच्या साडीच्या काठासारखा निळा होता. बूट घेतले ते घोट्याच्या वरपर्यंत लेस असलेले. ज्या देशात देवळात, खानावळीत, मुक्कामाच्या घरात, अगदी कपडे घालून बघायच्या खोलीतसुद्धा बूट काढावे लागतात, त्या देशात जायला मी लेसचे बूट घेतले! आमचे हे वेल्क्रोवाले बूट घालून पुढे चालायचे आणि मी प्रत्येक उंबऱ्यावर वाकून गाठी सोडत बसायचे. निम्मा जपान मी ओणव्यानेच पाहिला.

पण आता मुख्य गोष्ट. आमच्या ईलिंगच्या एका बाजूला जपानी लोकांची बरीच वस्ती आहे. त्यांची दुकानं आहेत, शाळा आहे. आमच्या शेजारच्या घरातली बाई जपानी. इंग्रज नवरा वारलेला, मूलबाळ नाही. कुंपणावरून बोलता बोलता आमची मैत्री झाली. तिचा एक मोठा भाऊ तिकडे डोंगरातल्या गावात, आईवडिलांच्या घरात एकटाच राहायचा. आईच्या शेवटच्या आजारात ही लंडनहून वेळेवर पोचली नाही. भाऊ रागाने म्हणाला, आता येऊच नको. ही म्हणाली, बरं. दोघंही शब्दाची पक्की. त्यानंतर ना फोन, ना कार्ड.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती दारात आली. हातात फुलाफुलांच्या कापडात बांधलेली बरणी. ती दर जानेवारीत कडू संत्र्यांचा मार्मलेड करायची, तो होता. म्हणाली, "तुमच्या वाटेवर नाही, मला माहीत आहे. पण जमलं तर हे माझ्या भावाला द्याल? तो कदाचित दार उघडणार नाही. नाही उघडलं तर तुम्हीच खाऊन टाका."

एवढंच बोलली. पण बरणी माझ्या हातात देताना तिने ती लगेच सोडली नाही. मी ह्यांना म्हटलं, "मार्मलेड पोचवायचा नाहीये. ही विचारतेय त्याला, अजून रागावलायस का?"

बघा, तेवढी हुशार होते मी. पुढचं ऐका.

जपानात आम्ही ठेचकाळत का होईना, मजेत फिरलो. हे भेटेल त्याला सांगायचे, "वुई आर फ्रॉम द लँड ऑफ द बुद्ध!" त्यांना वाटायचं, समोरचा आता गळ्यात पडेल. एका मुक्कामाच्या मालकाने ते लक्ष देऊन ऐकलं, चेहरा उजळला आणि म्हणाला, "आह! करी!" एका जुन्या देवळात आम्ही दोघांनी गुडघे टेकून मोठ्याने त्रिसरण-पंचशील म्हटलं. मी मुद्दाम पांढरी साडी नेसले होते. मागे एक भिक्खू हात जोडून शांत उभा. ह्यांचे डोळे भरून आले. वंदना संपल्यावर त्याने वाकून अत्यंत आदराने सांगितलं की देऊळ बंद व्हायची वेळ झाली.

गरम पाण्याच्या झऱ्यावर तर मी परकर नेसून आंघोळीला उतरत होते. तिथली म्हातारी धावत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी फुली करून दाखवली. सगळं काढायचं. सगळं! मी डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून पाण्यात शिरले आणि जरा वेळाने एक डोळा उघडला. एकीचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. खोटं कशाला सांगू, थोडा अपमानच वाटला.

मग भावाचं गाव. छोटी ट्रेन, त्यापुढे बस, त्यापुढे चढ. थंडी सुरू झाली होती. घराच्या वळचणीला दोऱ्यांवर नारिंगी फळं सुकायला टांगली होती. इथे सुपरमार्केटात पर्सिमन म्हणून मिळतं, टोमॅटोसारखं दिसतं, ते फळ. सोलून, उन्हावाऱ्यात महिनाभर सुकवून त्याचं अंजिरासारखं काहीतरी करतात. त्या माळांच्या मागे दार होतं आणि ते उघडंच होतं.

भाऊ किरकोळ अंगाचा, रबरी गमबूट घातलेला. ह्यांनी कागदावर लिहून आणलेलं वाक्य वाचून दाखवलं: तुमच्या बहिणीने पाठवलं आहे. मी बरणी पुढे केली. तो त्या कापडाकडे बघतच राहिला. मग दोन्ही हातांनी बरणी घेतली आणि न उघडता आत नेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आला. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला जपानी. हे डोंगराकडे बोट दाखवून म्हणाले, "ब्युटिफुल." तो म्हणाला, "हाय." हाय म्हणजे हो. तेवढंच संभाषण.

निघताना त्याने हात वर करून थांबवलं. काठी घेऊन वळचणीखाली गेला, माळांतून निवडून निवडून एक माळ काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

आता मी काय करावं? तर मी एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्या हाताने पुडकं हलकेच मागे ढकललं आणि गोड हसून म्हटलं, "नो नो, प्लीज! नो!"

आपल्यात कोणी पहिल्यांदा देताच घेतं का? साडी असो की लाडू, आधी नको म्हणायचं. समोरचा म्हणतो, असं कसं, घ्याच. आपण म्हणायचं, अहो कशाला. तो म्हणतो, माझी शपथ आहे. मग आपण, तुम्ही पण ना, म्हणत पिशवीत टाकायचं. पहिल्या झटक्याला घेतलं तर घरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या, कधी पाहिलं नव्हतं का?

त्याने पुडकं पुन्हा पुढे केलं. मी खूश. बरोबर चाललंय. मी आणखी जोरात मागे सारलं. "यू कीप! यू ईट!"

तो वाकला, पुडकं घेऊन आत गेला आणि दार ओढून घेतलं.

मी तशीच उभी. चेहऱ्यावर हसू, हात छातीवर.

उताराला लागल्यावर हे म्हणाले, "काहून घेतलं नाही गं?"

"घेणारच होते! तो अजून एकदा म्हणाला असता तर घेतलंच असतं."

"आग्रह करायला तो काय तुझा नंदोई आहे?"

"तुम्ही का नाही घेतलंत मग?"

"तू इतकी छान नको म्हणत होतीस, मला वाटलं तुला खरंच नकोय."

बसमध्ये बसल्यावरही मला एवढंच वाटत होतं की एक चांगला खाऊ हुकला. रीतभात कळणारी बाई!

ईलिंगला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारणीकडे गेलो. तिने चहा ठेवला होता. मी रंगवून सांगितलं: दार उघडं होतं, बरणी दोन्ही हातांनी घेतली, चहा दिला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसत होतं. मग तिने कपाकडे बघत विचारलं, "आणि त्याने काही दिलं?"

"हो ना, पर्सिमनची माळ देत होता बिचारा! आम्ही नाही घेतली."

तिने कप खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.

"नाही घेतली?"

मी तिला सगळं करून दाखवलं. छातीवर हात, गोड हसू, नो नो प्लीज. तिने नीट पाहिलं. मग मला आणखी चहा हवा का, असं इतक्या नम्रपणे विचारलं की मला घाम फुटला. हे दूध आणायच्या निमित्ताने सटकले. नवरे असेच असतात.

"ते झाड आईने लावलंय," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं होतं. आणि तुम्ही ते परत केलंत. आता तो समजत असेल, मीच सांगून पाठवलं, त्याच्याकडून काही घेऊ नका."

मी म्हटलं, "मी परत जाते. पुढच्या आठवड्यात तिकीट काढते. लेसचे बूट घालून जाते, हवं तर."

ती हसली नाही. उठून खिडकीशी गेली. मला वाटलं संपलं. आमची मैत्री संपली, भावाबहिणीचं तर मी पुरतंच तोडून टाकलं, तेही गोड हसून. तिकडे संध्याकाळ असेल, ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने फोन उचलला आणि नंबर कुठेही न बघता लावला. इतकी वर्षं न लावलेला नंबर.

बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला. ती ताठ उभी राहिली आणि एक वाक्य बोलली. ती पुन्हा बोलली, कोरड्या आवाजात, ऑफिसात बोलावं तशी. त्यात मला "इंदो", म्हणजे भारत, हा शब्द ऐकू आला आणि मी समजले, आपली तक्रार दाखल झाली. मग तिने फोन खांद्यात धरला, एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्याने हवेतलं पुडकं मागे ढकललं आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "नो नो, प्लीज! नो!" फोनवरच्या माणसाला हात दिसत नाहीत, हे तिच्या लक्षातच नव्हतं.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. पुन्हा आला.

"हसतोय का?" मी विचारलं.

"श्श!" मग माझ्याकडे वळून, "तो विचारतोय, तुला पर्सिमन आवडत नाही का?"

"आवडतं गं! खूप आवडतं!"

"मग घेतलं का नाहीस?"

"त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून!"

तिने ते भाषांतर केलं. पलीकडून एक लांबलचक वाक्य आलं. तिचे ओठ थरथरायला लागले, मला वाटलं रडतेय, पण ती हसू दाबत होती.

"तो विचारतोय, मग भारतात लोक जेवतात कधी?"

यावर दोघं जी हसली! साठ वर्षांपूर्वी दोघं अशीच हसत असतील, आईने दटावेपर्यंत. मी मध्ये बसून आपलीच टिंगल परक्या भाषेत ऐकत होते. पुन्हापुन्हा "इंदो" येत होतं आणि तिचा हात पुन्हापुन्हा छातीवर जात होता. एवढी करमणूक मी आयुष्यात कोणाची केली नसेल. मग हळूहळू आवाज खाली गेला. तिने खुर्ची ओढून घेतली आणि ती बसली. आता तो बोलत होता आणि ती ऐकत होती, मध्येच "हाय" म्हणत, डोळे पुसत.

मी उठले. ही बाई पाहुण्याला कधी एकटं जाऊ द्यायची नाही. पावसात, थंडीतसुद्धा फाटकापर्यंत यायची आणि मी माझ्या दारात शिरेपर्यंत वाकून उभी राहायची. मी कोट घालायला लागले तशी तिने मान वर केली. उठली मात्र नाही. फोन कानाशी तसाच धरून तिने मला मोकळ्या हाताने, कोंबडी हाकलावी तशी खूण केली: जा, जा.

मी माझी मीच दार ओढून घेतलं.