मागची रांग

बोलता बोलता आप्पा खिशातून टपालाचे तिकीट काढून काउंटरवर ठेवत. शेजारी काडेपेटी. "ह्यो तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर. आन् ह्यो माझ्याचा." उजेड टिपणाऱ्या तुकड्याचा आकार एवढ्यात समजावून झाला की दोन्ही वस्तू परत खिशात आणि ते दारात. रस्ता बघून पुन्हा आत. खुर्चीला टेकलेले मी त्यांना कधी पाहिले नाही.

वरवंडला हायवेलगत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी पेपरला दौंड-शिरूरच्या बातम्या पाठवायचो; जाता-येता तिथे थांबायचो. माझा लहान सेन्सरचा कॅमेरा चपळ, हे त्यांना मान्य होते. वरातीतला नाच, शर्यतीतले बैल त्यातच टिपावेत. त्यांचा मोठ्या सेन्सरचा मिडियम फॉरमॅट कॅमेरा फोकस घेईपर्यंत बैल शर्यतीचा घाट ओलांडून गेलेले असत. "पर तुमचं बरं हाय, साहेब. दोन कॉलमात मागची रांग कोन बघतंय?"

मागच्या रांगेला कारण होते. आमच्याकडे माणूस गेले की दहाव्याला चौकात फ्लेक्स लागतो. म्हाताऱ्यांचे वेगळे फोटो नसतात. मग मुले लग्नातला ग्रुप फोटो आणून टोकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवतात. असाच मेंढरे राखणाऱ्या घरातला एकजण आईचा चेहरा मागायला आला. फोटो लहान सेन्सरचा, मांडवातल्या अपुऱ्या उजेडातला. मोठा करताच डोळे विरघळले. फ्लेक्सवाल्याने संगणकावर नवे बसवले. मुलगा बघत राहिला. म्हणाला, "ही आमची आई न्हाई."

त्यानंतर आप्पांनी तो जड कॅमेरा जुन्या बाजारातून आणला. लग्नात टेम्पोच्या टपावर चढून ते एकेका म्हाताऱ्याची मान सरळ करवत. खाली पंगती खोळंबत. "आप्पा, आधार कार्ड काढताय काय?" कोणीतरी विचारायचे आणि मांडव हसायचा. ऑर्डरी हळूहळू ड्रोनवाल्यांकडे गेल्या.

भांडगावच्या लग्नात चूक झाली. आभाळ आलेले, म्हणून त्यांनी उजेडासाठी लेन्सचे तोंड पूर्ण उघडले, फोकस नवरा-नवरीवर ठेवला. मोठ्या सेन्सरवर अशा वेळी पुढचे-मागचे एकदम स्पष्ट येत नाही. नवरी सुरेख आली, घरचे खूश. मागची रांग धुरकट.

दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवर मागे बसवून ते भांडगावला गेले. नवरीचा बाप हसला. पोरगी शिरूरला नांदायला गेली, आता कसला फोटो, म्हणाला.

"नवरी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मागची रांग तेवढी बोलवा."

भावकीतली म्हातारी माणसे जमली आणि लग्नात उभी होती तशीच भिंतीला लागून उभी राहिली. आप्पांनी पुढे यायला सांगितले. कोणी हलेना.

"हितंच बरं हाय," एक आजी म्हणाली. "पुढं मानसं येतील की."

येणारे कोणी नव्हते. त्यांनी पुन्हा सांगितले नाही. लेन्सचे तोंड बारीक केले आणि बटण दाबले.

स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आप्पाही राहिले नाहीत. तो फोटो त्यांच्या मुलीने मला दिला. प्रत्येक चेहरा लख्ख आहे. पुढे नुसते अंगण.