मागच्या भिंतीपाशी आबा

निगडीत आमच्या समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांना मी साहेबच म्हणतो, कारण नाव घ्यायचीही इच्छा होत नाही. साहेबांनी गाडी अशी घेतलीय की ती गल्लीत शिरली की भाजीवाल्याला हातगाडी मागं घ्यावी लागते. गॅरेज मात्र आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, स्कूटरच्या काळात बांधलेलं. रोज संध्याकाळी साहेब कंपनीतून आले की सोहळा सुरू होतो. साहेब गाडीचे आरसे मिटतात, स्वतःचं पोट आत ओढतात, जणू त्यानं गाडी बारीक होणार आहे, आणि हाक मारतात, "आबा, या मागं!" मग ऐंशीकडे झुकलेले आबा मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि हात हलवत म्हणतात, "येऊ दे, येऊ दे... बास!"

एकदा न राहवून मी विचारलं, "अहो, गाडीला कॅमेरा आहे ना?"

"आहे की राव. पण स्क्रीनवर अंदाज येत नाही. आबा कसे, वेळेवर ओरडतात."

परवा आबांना ओरडायला उशीर झाला. त्यांचा हात बंपर आणि भिंतीच्या मध्ये सापडला. साहेबांनी गाडी पुढं घेतली, धावत मागं आले, गुडघ्यांवर बसले आणि रुमालानं बंपर पुसू लागले.

"आबा, तुमच्या अंगठीनं ओरखडा पाडला बघा!"

"चुकलं रं बाबा," आबा म्हणाले.

काल आबा पुन्हा तिथंच उभे होते. फडकं बांधलेल्या बोटातली अंगठी तेवढी काढून ठेवली होती.