माझी पहिली गुळगुळीत दाढी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाबांनो, मधे मधे थांबायला मला जमणार नाही. चुका सगळेच करतात. पण भर दुपारी, तोंडाला साबण फासून, आरशात स्वतःकडे बघत बघत एवढी मोठी चूक करणारा सगळ्या घाटकोपरात मी एकटाच असेन!

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. मी वीस वर्षांचा, टायपिंगच्या क्लासला जायचो, आणि माझ्या पुढच्याच मशीनवर सुधा बसायची. तिची बोटं चालायला लागली की माझी थांबायची. सर म्हणायचे, "दिगंबर, कागदावर बघतोयस की खाली?" मी दोन्हीकडे बघत नसे.

आणि माझी दाढी! बाबांचा रेझर होता, जड, स्टीलचा. वर टोपी, खाली दातेरी पट्टी, मधे ब्लेड घालायचं आणि दांडी पिळायची. बाबा तो गालावरून असा फिरवायचे की बघत राहावं. मी फिरवला की रक्त! मग वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून मी क्लासला.

एकदा सुधा मागे वळून म्हणाली, "दिगू, तुझ्या हनुवटीवर हवामानाचा अंदाज आलाय रे."

"काय म्हणतोय?"

"काही खरं नाही म्हणतोय." मग हसू आवरून, हळूच, "रविवारी पाच वाजता स्टेशनसमोरच्या उडप्याकडे ये. बोलायचंय मला. पण दाढी माणसासारखी करून ये यार!"

बोलायचंय! अहो, या एका शब्दावर मी चार दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. डोळे मिटले की मुलुंडला वन-रूम-किचन दिसायचं. गॅलरीत ऊन, सुधा चहा गाळतेय, मी आरशासमोर दाढी करतोय, कुठेही एक कपटा नाही.

शनिवारी मी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या वामनकाकांना गाठलं. त्यांनी माझ्या गालाकडे बघून कपाळावर हात मारला. "अरे, नारळ खवतोस की दाढी करतोस? दाबू नको. रेझरला वजन आहे ना, तेच काम करतं. तू नुसता धर, थोडा आडवा. कातडी ताण, केस जिकडे वळलेत तिकडेच ने. आणि साबणाला घाई नको, ब्रश फिरवत राहा."

रविवारी दुपारी सगळी चाळ झोपली होती. आई-बाबा पावसाआधी घराची कौलं परतायला मालवणला गेले होते, सोमवारी येणार होते. मागच्या गॅलरीत खिळ्याला आरसा लावला, वाटीत कोमट पाणी घेतलं आणि ब्रश फिरवायला लागलो. फिरवतोय, फिरवतोय. कुणाच्या तरी रेडिओवर बासरी लागली होती. फेस नुसता सायीसारखा आला. रेझर गालावर टेकवला, दाबला नाही, नुसता सोडला.

काय सांगू! तो आपोआप उतरला हो! जळजळ नाही, ओरखडा नाही. मागे अशी मऊ, गार वाट. दुसरा गाल, मग हनुवटी. बासरी चालू, डोळे अर्धे मिटलेले, मुलुंडच्या गॅलरीत सुधा कप पुढे करतेय, मी म्हणतोय साखर कमी घाल गं, आणि रेझर आपला चाललाय, चाललाय...

डोळे उघडले तेव्हा मिशी अर्धी गेली होती!

वाट लागली. अर्ध्या मिशीनं कुणी प्रेमाचं बोलायला जातं का? डावीकडची राहिली होती, तीही काढली. त्यातही इतकं सुख लागलं, काय सांगू. तुरटी फिरवली, तोंड धुतलं. आरशात एक नवाच, गोरागोमटा मुलगा.

आता तुमच्यातले कोकणातले आत्ताच ओरडले असतील. आमच्याकडे बाप हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की काढतो. मला माहीत नव्हतं? होतं की! पण त्या घटकेला डोक्यात सुधा होती, बाप नव्हता.

इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडलं तर समोर शेजारच्या परबकाकू. आई गावाला गेली की मी त्यांच्याकडे जेवायचो. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अरे माझ्या रवळनाथा! दिग्या!" आणि त्यांनी मला जवळच घेतलं. "काय एक बोलू नको. माका समाजला."

मला वाटलं, पोरगा मोठा झाला म्हणून गहिवरल्या. काय माया ही! मीही त्यांच्या पाठीवर थोपटलं. त्यावर त्या जास्तच रडल्या.

खाली कॅरमचा अड्डा बसला होता. एरवी "काय हिरो!" म्हणून ओरडणारी ही माणसं मला बघून एकेक करून उभी राहिली. एकानं बिडी विझवली. सावंतांनी खांद्यावर हात ठेवून नुसती मान हलवली. म्हटलं, बघा, नीट दाढी केली की माणसाला केवढा मान मिळतो! उन्हं कलली होती, गुलमोहोर फुलला होता, आणि मी सगळ्यांना मान लववत रस्त्यानं तरंगत निघालो.

सुधा उडप्याकडे आधीच येऊन बसली होती. मला बघताच तिचे डोळे भरले. आणि मी खुर्चीत बसायच्या आत तिनं माझा हात धरला. धरला हो! भर हॉटेलात!

"दिगू... कधी कळलं? तार आली?"

"कसली तार?"

"बाबांची रे."

तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. काकू, कॅरमवाले, सावंत, आणि सुधाही कोकणातलीच, सगळा उलगडा एका दमात झाला. तोंड उघडलं, "सुधा, अगं बाबांना काही..." म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "नको बोलूस. त्रास होईल तुला. मी आहे ना." आणि हात आणखी घट्ट धरला.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? खरं बोललो असतो तर हात सुटला असता. मी म्हटलं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं हा हात राहू दे, मग सांगतो. पाचाची पंचवीस झाली. कॉफी गार झाली. मी एक अक्षर बोललो नाही. शरम वाटत होती, आणि देवाशपथ, इतका सुखातही मी कधी नव्हतो.

मग ती उठली. "चल. तुला एकट्याला घरी नाही जाऊ देणार."

"नको गं, तू कशाला..."

"चल म्हणते ना!"

चाळीच्या दारात ही गर्दी. तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'कै. भिकाजीराव यांना चाळ समितीतर्फे श्रद्धांजली. वय एकोणसाठ. आजचा भजनाचा कार्यक्रम रद्द.' आणि फळ्यासमोर, खांद्यावर वळकटी, एक दिवस आधीच परतलेले खुद्द भिकाजीराव, चष्मा नाकावर ओढून ते वाचत उभे! शेजारी आई फणस खाली ठेवून पदरानं ते 'कै.' खसाखसा पुसत होती आणि कुणी लिहिलं म्हणून अख्ख्या चाळीचा उद्धार करत होती.

"वयही चुकलंय. सत्तावन्न हवं," बाबा म्हणाले.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली, माझ्या ओठावर थांबली. बाबा पुढे आले, अंगठा माझ्या गालावरून फिरवला. "दाढी छान झालीय रे," ते म्हणाले. "आता घरात चल, मग सांगतो तुला."

"हे कोण?" सुधानं विचारलं.

"बाबा," मी म्हटलं.

"आणि तुला उडप्याकडेच ठाऊक होतं?"

मी खाली बघितलं. तिनं हात सोडला, पुढे होऊन बाबांना वाकून नमस्कार केला. "काका, शंभर वर्षं जगा." मग माझ्याकडे वळली. "तू मिशी काढलीस ते बरंच केलंस. आपलं जे काही होतं ना, ते गेलं. त्याचं सुतक पाळ."

तीन आठवड्यांत मिशी परत आली. सुधा काही आली नाही.