शुभाच्या हाताचा निळा अभ्रा

शुभा, माझी धाकटी नणंद, गेली त्याला सात आठवडे झाले. दहाव्याला पुरुषमंडळी गोदावरीवर गेली आणि मी घर धुवायला काढलं. गेलेल्या माणसाची अंथरुणं-पांघरुणं त्या दिवशी धुवायची, ही आमच्याकडची रीत. तिच्या खोलीतल्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवलं. तासाभराने पाहते तर एक अभ्रा फिकट पिवळा. सकाळपर्यंत तो गडद निळा होता.

शुभा मुलीला, ईराला, घेऊन आमच्याकडेच राहायची. आजारपणाच्या शेवटच्या वर्षी ती मोबाइलवर बघून उन्हाने चित्रं छापायला शिकली. सायनोटाइप म्हणतात त्याला. दोन रसायनं मिसळून कापडाला लावायची, अंधारात वाळवायचं, वर एखादं पान ठेवून गच्चीवर उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागतं तिथे निळं होतं, झाकलेलं पांढरं राहतं. पहिले दोन महिने सगळं फसलं. मोरीच्या फरशीवर मात्र निळे डाग पडले. मी ते सोड्याने घासून काढले. "बघ, पाच मिनिटांत गेले," मी म्हटलं. "वहिनी, तू तर सूर्यालाही घासून काढशील," म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

त्या अभ्र्यावर पानं नव्हती. तिचा आणि अकरा वर्षांच्या ईराचा हात होता, मधोमध, शेजारी शेजारी. दहा मिनिटं हलायचं नव्हतं आणि औषधांमुळे शुभाचा हात थरथरत होता.

"आई, हलू नकोस ना!"

"अगं मी कुठे हलतेय? नाशिक हलतंय."

तिची बोटं कडेला धूसर आली... तसाच तो अभ्रा तिने ईरासाठी ठेवला.

गेला महिनाभर मी तिच्या उरलेल्या बाटल्या घेऊन तेच शिकते आहे. पहिल्या कापडाचा रंग सगळा पाण्यात गेला. दुसरं खिडकीशी वाळवलं, ते आपोआपच निळं झालं. पाचव्यावर कढीपत्त्याची डहाळी उमटली, अगदी स्वच्छ. ते कापड हातात धरून मी गच्चीवर खाली बसले. छापता येऊ लागलं होतं, पण आता कापडावर ठेवायला तो हात कुठून आणायचा?

मग कुठेतरी वाचलं, सोड्याने गेलेलं चित्र कडक चहात तपकिरी होऊन परत येतं. पातेलंभर चहा उकळला, बादलीत ओतला, अभ्रा बुडवला. तपकिरीत दोन फिकट आकार दिसू लागले. छोटा हात ओळखू येतो. मोठा... मला वाटतं, अंगठा आहे तिथे.

तेवढ्यात ईरा शाळेतून आली आणि बादलीपाशी उभी राहिली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. "हा मी सोड्यात धुतला," मी एका दमात सांगून टाकलं.

"माहितीये मामी. तू वाळत घातलास तेव्हाच पाहिलं." बादलीतून नजर न काढता ती म्हणाली, "आई म्हणाली होती, मामी हे धुणार बघ, तू आधीच काढून ठेव. मी विसरले."

पाच-सहा आठवडे ती हे मनात घेऊन शाळेत जात होती, डबा खाऊन परत येत होती. मी म्हटलं, चूक माझी. सोडा मी टाकला आणि सोड्याने निळं जातं हे या घरात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिने मान हलवली. पटलं नव्हतं तिला.

अभ्रा तिने स्वतःच वाळवून उशीला घातला. त्याला चहाचा वास येतो. ती उशीच्या अगदी कडेला डोकं ठेवून झोपते, मधला भाग मोकळा सोडून.