मोटरसायकलचं बलुतं

तासगावच्या बाजारपेठेच्या टोकाला निजाम मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरीवरची इंजिनं, शिवणयंत्रं, सायकली, कुणाच्या लग्नातला बंद पडलेला फोनो, काहीही आलं तरी तो नाही म्हणत नसे. नाही म्हणायचा अवयव देव त्याला द्यायचाच विसरला होता, असं त्याची बायको मेहरुनबी म्हणायची. घरात ती दोघं दख्खनी बोलत. भांडण मात्र मराठीत, शेजाऱ्यांची गैरसोय नको म्हणून.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली साताऱ्यातला एक साहेब विलायतेला निघाला आणि त्याची मोटरसायकल सुभेदार मानसिंगांनी विकत घेतली. गाडी म्हशीच्या अंगाची. जन्म डांबरी सडकेसाठी. धुराची नळी जमिनीला लागेल इतकी खाली आणि मडगार्ड चाकाला असं बिलगलेलं की मधून कागद जाऊ नये. सुभेदारांचा मळा तासगावपासून दोन कोस आत, काळ्या रानात, ओढ्याच्या पलीकडं. सडक मळ्यापर्यंत जात नव्हती आणि सुभेदार मळा सोडून राहत नव्हते. ही अडचण गाडी घेताना कुणी बोललं नाही, कारण सुभेदारांपुढं अडचण बोलायची पद्धत नव्हती.

पहिल्याच दिवशी गाडी ओढ्यापलीकडच्या ओल्या रानात पोटापर्यंत रुतली. मडगार्डात चिखल असा ठासून बसला की चाक फिरेना. दोन बैलजोड्या लावून ती बाहेर काढली तेव्हा सुभेदार वरच बसून होते. उतरणं म्हणजे माघार, आणि माघार त्यांनी आफ्रिकेच्या लढाईतसुद्धा घेतली नव्हती.

"निजाम, गड्या," बैलांनी ओढत आणलेली गाडी दुकानासमोर उभी करून ते म्हणाले, "हिला रानात चालती कर."

"आवं सुभेदार, ही सडकंची गाडी हाय. हिला रान ठावं न्हाई."

"मलाबी आफ्रिका ठावं नव्हतं."

निजाम कामाला लागला. त्यानं दोन्ही मडगार्ड काढून फेकली. धुराची नळी वळवून वर, मांडीच्या उंचीला नेली. एका गुऱ्हाळातल्या, रस कढवायच्या फुटक्या काहिलीचा जाड पत्रा कापून इंजिनच्या पोटाखाली ढाल म्हणून ठोकला. चेनचं मागचं दातेरी चाक मोठं हवं होतं, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. ते कुठं मिळेना, तर लोखंडाच्या चकतीला कानशीनं एकेक दात घासून त्यानं घरीच केलं. टायरला साखळ्यांचे वेढे दिले. शेवटी नको ते सगळं काढून गाडीचं वजन खाली आणलं. सुभेदारांचं आणता आलं नाही.

गाडी ओढा चढून गेली. त्या दिवशी मळ्यात गूळभाकरी वाटली आणि मजुरीची गोष्ट निघाली. इथं घोटाळा झाला.

"मजुरी?" सुभेदार म्हणाले. "न्हावी काय डोकी मोजून पैसं मागतुय? तू आजपास्नं आमचा बलुतेदार. खळ्यावर शाळूचं बलुतं न्हेत जा, वर्सभर गाडी बगत जा."

खरं तर बलुतं सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं. मोटरसायकलीचा बलुतेदार उभ्या मुंबई इलाख्यात नसेल. पण निजामच्या बापाला, आजाला गावानं कधी बलुतेदारांत धरलं नव्हतं. आपण धरले गेलो याचंच त्याला इतकं बरं वाटलं की तो मान डोलावून बसला. शेजारचा ज्ञानू सुतार तेवढा म्हणाला, "अडकलास की रं. माझ्या आज्यानं एक नांगर दुरुस्त केला हुता. मी अजून करतुय."

ते रेशनचे दिवस. घरात शाळूचं पोतं म्हणजे दारात हत्ती, आणि पहिल्या वर्षाचं पोतं सुभेदारांनी मागच्या राशीतून लगेच पाठवलं. पण बलुत्याचा कायदा साधा: खळ्यावर धान्य घेतलं की वर्ष बांधलं गेलं. मधेच सोडणं हे ऐकिवातच नाही.

आणि गाडी रोज मोडू लागली. आज चेन, उद्या क्लच, परवा पुढचं चाक धरणारा काटा. सुभेदारांना पूर्वी ओढ्यापर्यंतच जाता येत नव्हतं. आता ते ओढ्यातून, बांधांवरून, करंजीच्या डगरीच्या उभ्या चढावरून जात. पाव्हण्यांच्या वस्त्यांना जिथं बैल नको म्हणत, तिथं सुभेदार जाऊन चहा पिऊन येत. मग कुणीतरी धापा टाकत दुकानात येई: "मिस्त्री, चला. सुभेदार डगरीवर बसल्यात." सोबत गाडीही बसलेली असे.

असा निम्मा हिवाळा गेला. तेवढ्यात सांगलीहून मेहरुनबीचा भाऊ बादशहा आला. त्यानं स्टेशनजवळ गाळा बघितला होता. भागीत वर्कशॉप काढू म्हणाला. सांगलीत मोटारी किती, ट्रक किती. पाडव्यापर्यंत हो म्हण, नाहीतर गाळा जातोय.

निजामला सांगली दिसायला लागली. सरळ डांबरी सडक आणि तिच्यावर सडकेनंच चालणाऱ्या शहाण्या गाड्या. पण सुटायचं कसं? तोंडानं नाही म्हणणं शक्य नव्हतं. मग त्यानं मिस्त्रीला सुचेल तेच ठरवलं: गाडी इतकी पक्की करायची की मिस्त्री लागूच नये. खळ्यापर्यंत ती मोडली नाही, तर नवं बलुतं नाकारायला तोंड मिळेल.

महिनाभर तो झपाटल्यासारखा राबला. काटा दुहेरी केला, चौकटीला पोलादी पट्ट्या जोडल्या, हँडल रुंद केलं. गाडी खरोखर मोडेना. आठवडा गेला, दुसरा गेला. निजाम दुकानात एकटाच हसायचा.

त्यानं एवढाच विचार केला नव्हता की न मोडणारी गाडी हातात आल्यावर सुभेदार काय करतील. त्यांनी दंडोबाचा डोंगर गाठला. वाटेनं नव्हे, वाट सोडून. परत येऊन चावडीपुढं गाडी उभी करून त्यांनी सांगितलं, की असा मिस्त्री साहेबाच्या मुलखात नाही आणि औंदा त्याचं बलुतं दुप्पट.

शाळूची मळणी संपली. खळ्यावर रास पडली, वर गुलाल वाहिला. सुतार, लोहार, कुंभार आपापली घोंगडी पसरून धान्य घेऊ लागले. निजाम आला तो मुद्दाम रिकाम्या हातांनी. ना पोतं, ना घोंगडं. खांद्यावरचा रुमालही त्यानं घरी ठेवला होता. पसरायलाच काही नसेल तर ओतणार कशात? तोंडानं बोलायची वेळच यायची नाही. मेहरुनबी मागून येत होती, तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं.

सुभेदारांची बायको हरणाबाई सूप भरून उभी राहिली. "निजामभाऊ, कशात घेताय?"

"वैनी, म्या काय म्हंतुय..."

"म्हना की."

सगळं खळं बघत होतं. सुभेदार मिशीवर हात ठेवून कौतुकानं बघत होते. निजामनं सांगलीच्या दिशेला बोट केलं. "औंदा... सांगलीला..."

"सांगलीला काय?" सुभेदार म्हणाले. "जायाचं हाय? जा की. चार दिस ऱ्हाऊन ये."

हरणाबाईच्या हातातलं सूप वजनानं कलू लागलं. राशीचं धान्य मातीत सांडलं तर ते पाप कुणाच्या डोक्यावर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निजामनं एकदा सुपाकडं बघितलं, एकदा तासगावच्या सडकेकडं.

तेवढ्यात मेहरुनबी पुढं झाली आणि तिनं आपला पदर दोन्ही हातांनी पसरला. "घाला, वैनी."

शाळू सरसरत पदरात पडला. एक सूप, दोन सुपं. निजाम तिच्या कानाशी लागला. "अगं, बादशहा वाट बगतुय. गाळा जाईल."

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली, मराठीत, म्हणजे ठाम. "माझा भाऊ हाय त्यो, मला ठावं हाय. पयल्या म्हयन्यात भागीदार, दुसऱ्यात कामगार, तिसऱ्यात तुमी त्येच्या घरचं पानी भराल, आन न्हाई म्हनाल का?"

आपण नाही म्हणालो नसतो, हे निजामलाही कळलं. सांगली त्याच्या डोळ्यांपुढून स्टेशनासकट निघून गेली.

"मिस्त्री," सुभेदार जवळ येऊन बसले, "कालपास्नं एक बारीक आवाज यायलाय बग. कर्रर, कर्रर. चढाला लागलं की."

निजामनं पदरातला शाळू उगाच चाचपला. एक दाणा तोंडात टाकून चावला. गोड होता, हीच पंचाईत.

"पयल्या गियरला," त्यानं विचारलं, "का दुसऱ्या?"